नकाशात न दिसणारा कडा: न्यूझीलंडमधली ताहरची शिकार

“नदी सोडली की तीन तासांत वरच्या गवतात” असं सांगणारा माणूस बहुधा हेलिकॉप्टरनेच वर गेलेला असावा. ताहर, म्हणजे रानबकरीसारखा डोंगरी प्राणी, शोधत दक्षिण बेटाच्या वेस्ट कोस्टच्या बाजूने पायी चढायला नऊ तास लागले, आणि त्यातले सहा एकट्या झुडपांच्या पट्ट्यात गेले.

जंगल संपतं आणि गवत सुरू होतं, त्यांच्या मधला हा पट्टा. बर्फाच्या भाराने फांद्या उताराकडे वाकलेल्या, म्हणजे चढणाऱ्याच्या छातीवर रोखलेल्या. पाय जमिनीला लागतच नाही, फांद्यांवरूनच चालावं लागतं. रायफलची नळी सॅकच्या वर आली की दर दोन पावलांना अडकते. बोल्ट (गोळी नळीत सारणारा दांडा) काढून ठेवा, नळीच्या तोंडाला टेप लावा आणि रायफल खाली, सॅकला घट्ट बांधा. ओढ्यातून चढायचा मोह होईल, पण पुढे धबधबा आडवा येतो. दरड कोसळलेल्या घळीची कड त्यातल्या त्यात बरी. तोल गेला की हात आपोआप जवळच्या हिरव्या झुपक्याकडे जातो. तो स्पिअरग्रास निघाला तर पात्याचं टोक हातमोजा भेदून तळव्यात मोडतं. चिमटा जवळ असू द्या.

टोपो-५० या न्यूझीलंडच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचं २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे १५ मीटरचा सरळसोट कडा त्यांच्यामध्ये बसतो आणि नकाशात दिसतही नाही. वर जाताना जिथे खात्रीने उतरता येईल तिथले बिंदू जीपीएसवर टाकत जा. ओलं स्नोग्रास, म्हणजे इथलं उंच झुपकेदार गवत, शाकारलेल्या छपरासारखं खाली झुकलेलं असतं. त्यावर घसरलेला माणूस थांबत नाही. बर्फ नसला तरी आइस-अ‍ॅक्स हातातच हवी.



मे-जूनमध्ये माजावर आलेले नर माद्यांच्या कळपात येतात, पण दिवस जेमतेम नऊ तासांचा. उन्हं असेपर्यंत वारा वर वाहतो, म्हणून जनावराच्या वरच्या अंगाने जा. उतारावर सावली पडली की वारा फिरतो आणि तुमचा वास थेट कळपात उतरतो. तेव्हा गोळी त्याआधी झाली तर झाली.

३०० मीटरवर, ४० अंशांच्या उतारात नेम २३० मीटरचा धरायचा (आडवं अंतर तेवढंच भरतं), नाहीतर गोळी वरून जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जनावर पडणार कुठे, हे आधी पाहा. ताहरचा नर गोळी झेलूनही दहा पावलं जातो आणि तेवढ्यात कड्याखाली दिसेनासा होतो. खांदा फोडणारी गोळी घालता येत नसेल तर बोट ट्रिगरवरून काढा.

हिमालयातला हा प्राणी इथे १९०४ मध्ये सोडला गेला. नैसर्गिक शत्रू नाही, म्हणून संवर्धन खात्यालाही संख्या आटोक्यात हवी आहे आणि सार्वजनिक जमिनीवरच्या खुल्या भागाचा परवाना फुकट मिळतो. मांसासाठी मादी मारा. नुसत्या शिंगांमागे धावणं मला पटत नाही. बाहेरून येणाऱ्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी बऱ्याच आधी अर्ज करावा.

नदी गढूळ झाली आणि तळाचे धोंडे गडगडताना ऐकू आले, तर पात्रात पाय घालू नका. पूर चढतो तसाच झपाट्याने ओसरतो. दोन दिवसांचं जादा अन्न त्यासाठीच.

आणि हेलिकॉप्टर! भाडं माणशी, फेरीमागे की उड्डाणाच्या मिनिटांवर, ते लेखी घ्या. परतताना मांसाचं वजन वाढतं, दुसरी फेरी लागते, आणि तिचे पैसे तुम्ही दरीत उभे असतानाच सांगितले जातात.