काकीची घरघंटी

रविवारी दुपारी इथे इटलीत, तुरीनला भांडी घासत होते, तेवढ्यात काकीचा व्हिडिओ आला. बेळगावला, शहापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी नवीकोरी घरघंटी. तिच्यावर कागद चिकटवलेला: वर मराठीत ‘गहू घालायचा नाही’, खाली कन्नडमध्ये ‘गोधी हाकब्याड्री’. हात तसेच ओले ठेवून मी खुर्चीत बसले आणि खूप रडले.

ऑगस्टमध्ये महिनाभर घरी होते. भात, आंबोळी आणि ज्वारीची भाकरी, याशिवाय काही तोंडात घातलं नाही. तरी परत आल्यावर रक्त तपासलं तर अँटिबॉडीज वाढलेल्या, म्हणजे गहू कुठून तरी पोटात गेलाच होता.

मला सीलिएक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. मग लोह अंगी लागत नाही. बेळगावात असताना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेतल्या, रक्त कमी का याचा शोध तेव्हा कुणी आतड्यापर्यंत नेला नाही. इथे आल्यावर रक्ताची तपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून निदान झालं. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन टाळायचं, एवढंच.

आणि हे कळलं ते पास्त्याच्या देशात! पण याच देशात 2005 पासून सीलिएकसाठी कायदा आहे. शाळा, इस्पितळं आणि सरकारी संस्थांच्या खानावळींत मागितलं की ग्लुटेनविरहित जेवण द्यावंच लागतं. विद्यापीठाच्या खानावळीत मी ‘सोनो चेलियाका’ (मला सीलिएक आहे) एवढे दोनच शब्द बोलते. वाढणारी बाई हातमोजे बदलते आणि वेगळ्या फळीवरचं झाकलेलं ताट काढून देते. ‘थोडंसं चालेल ना?’ असं तिने एकदाही विचारलेलं नाही. हे तुम्हाला फार मोठं वाटणार नाही. आपल्याकडे प्रत्येक पंगतीत हेच वाक्य ऐकलेल्या मला ते फार मोठं वाटतं.

पंगतीतलं दुसरं वाक्य खपलीचं. ‘खपली तर चालतीय की गं तुला, ती कुठं साध्या गव्हासारखी असती!’ खपली पचायला हलकी म्हणून आपल्या भागात तिची खीर आजाऱ्यालाही देतात, त्यामुळे मी नको म्हटलं की माणसं दुखावतात. पण खपली हा गहूच आहे. हुग्गी, कडबू, मांडे सगळं त्याच रांगेत. हिंगाचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे आमटीसुद्धा गेली.

तरी भाकरीवर माझा भरवसा होता. इथल्या दुकानांत ग्लुटेनविरहित म्हणून जो महागडा, भुसभुशीत पाव मिळतो, त्यापेक्षा आपली भाकरी शंभरपट बरी, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत आले. ते मी अजूनही सांगेन. ज्वारीचा काही दोष नव्हता, घोटाळा गिरणीत होता. आपल्या आधीच्याचा गहू दळून झाला की त्याच दगडांत आपली ज्वारी पडते. दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी तोंडाला उरलेला गहू आपल्या डब्यात येतो. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला किलोला 20 मिलिग्रॅमपर्यंतच मुभा आहे, इटलीतही आणि भारतातही. गव्हाच्या एका दाण्यात साधारण चार मिलिग्रॅम ग्लुटेन धरा. किलोभर ज्वारीत सात-आठ दाणे मिसळले तरी मर्यादा ओलांडली. नियम दोन्हीकडे सारखाच, पण तो पाकिटावर छापतात. गल्लीतल्या गिरणीवर तो कोण लावणार?

हा हिशोब मी सप्टेंबरमध्ये फोनवर काकीला सांगितला. ती गप्प झाली. ‘म्हंजे मी तुला महिनाभर बाधणारंच खायला घातलं काय गं?’ मी नाही नाही म्हणत राहिले.

‘परत कधी येणार?’ असं मला दर फोनला विचारतात. इथे पगार आहे, काम आवडीचं आहे, पण खरं कारण हे ताटच आहे, असं मी स्वतःला सांगते. आजारी माणसाने जिथे नीट जेवायला मिळतं तिथे राहावं, यात चूक काय? हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता समोरच्याने विचारायच्या आधीच उत्तर तयार असतं. रविवारी तो कागद पाहिला आणि ते उत्तर काही ओठावर येईना.

संध्याकाळी काकीला फोन केला. भिशीचे पैसे घातले म्हणाली. आता ज्वारी ताटात पसरून चष्मा लावून निवडते, लाटणं आणि तवाही माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. ‘आणि ऐक, पहिली घरघंटी परत धाडली. दुकानातल्या पोरानं चालवून दाखवताना आत गहूच टाकला. मग बंद खोक्यातली दुसरी आणायला लावली आणि घरी माझ्यासमोर तांदूळ घालून सुरू केली.’