तुम्ही विचारलंत म्हणून: सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग ॲडमिट कशाला?

पोटाला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक मला हे हमखास विचारतात, की डॉक्टर, वरून साधं खरचटलेलंही नाही, सोनोग्राफी नॉर्मल आलीये, मग २४ तास ठेवून का घेताय? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आल्याआल्या कॅज्युअल्टीत जी सोनोग्राफी करतो तिला फास्ट म्हणतात, दोनचार मिनिटांचं काम. लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधे, स्प्लीनच्या म्हणजे प्लीहेच्या भोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती रक्त साठलंय का एवढंच त्यात बघतो. पण साधारण २०० मिली तरी साठल्याशिवाय ते नीट दिसत नाही, आणि आतडं फाटलंय का, स्वादुपिंडाला मार बसलाय का हे तर त्यात बहुतेकदा कळतच नाही. हिमोग्लोबिनही फसवतं, कारण रक्त जाताना पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच जातं, मग पहिला रिपोर्ट छान येतो. तरुण माणसाचं लिटरभर रक्त गेलं तरी बीपी टिकून राहू शकतं, आधी वाढते ती नाडी. म्हणून सिस्टर सारखी नाडी बघत असते, तिला कृपया वैतागू नका.

एक मुलगा अजून डोळ्यासमोर आहे, दहा वर्षांचा. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं होतं, बेंबीच्या वर नाण्याएवढा गोल वळ, बाकी काही नाही. संध्याकाळी गप्पा मारत होता, खायला द्या म्हणून मागे लागला होता, आई पण म्हणाली जाऊ ना घरी. रात्री दोनला पोटावर हात ठेवला तर पोट फळीसारखं कडक, पाय जवळ घेऊन पडलेला, कूस बदलू देईना. आतड्याला भोक होतं. लगेच ऑपरेशन केलं, टाके घातले, पोरगं बरं झालं. त्या रात्री त्याचं दुखणं मशीनने नाही, पुन्हापुन्हा हात लावून कळलं, आणि असं अचानक ऑपरेशन करावं लागू शकतं, उपाशी ठेवतो ते यासाठीच.

याच्या उलट प्रश्नही येतो, स्प्लीन फाटलीये म्हणता मग ऑपरेशन का नाही? बीपी पडलेलं आणि फास्टमधे रक्त दिसतंय, तर सीटीसाठी न थांबता सरळ थिएटरमधे नेतो. पण पेशंट स्थिर असेल तर शिरेतून औषध देऊन सीटी करतो, जखम १ ते ५ पैकी कुठल्या ग्रेडची ते बघतो, आणि अशा बऱ्याच जणांची स्प्लीन न कापता भरून येते, गरज पडली तर रक्तवाहिनीतून नळी घालून रक्तस्राव बंद करता येतो. ती वाचवायची धडपड का, तर काढली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते, न्यूमोकोकस वगैरेंच्या लसी घ्याव्या लागतात, साध्या तापाचीही धास्ती राहते.

घरी सोडताना मी एक गोष्ट दोनदा सांगतो. काही दिवसांनीही आतून रक्त सुटू शकतं, त्यामुळे चक्कर आली, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, किंवा खांद्याला काही लागलेलं नसताना डावा खांदा दुखायला लागला तर बाम चोळत बसू नका, रात्र असली तरी या.