चतुर्थी, फळ्यावर

सोमवार, रात्री

आजपासून जर्मन शिकवताना मराठी उघडपणे वापरायची, असं ठरवूनच पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटला गेले. संध्याकाळची सर्टिफिकेट कोर्सची बॅच, फर्ग्युसन रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ, आणि विषय डाटिव्हचा, म्हणजे आपल्या चतुर्थी विभक्तीचा.

'गेफालन', म्हणजे आवडणं, हे क्रियापद इंग्रजीच्या वाटेने शिकवलं की दरवेळी तेच होतं. 'आय लाइक द बुक' यात आवडून घेणारा माणूस कर्ता. जर्मनमध्ये कर्ता पुस्तक आणि माणूस चतुर्थीत: 'दास बूख गेफेल्ट मिअर.' मग मुलं 'पुस्तक मला खूश करतं' अशी ओढाताण करून वाक्य जुळवतात आणि परीक्षेत पुन्हा 'मी'पासून सुरुवात करतात. आज फळ्यावर जर्मन वाक्याच्या खाली नुसतं लिहिलं, 'मला पुस्तक आवडतं'. 'मला'खाली रेघ, 'मिअर'खाली रेघ. 'स, ला, ते' शाळेत घोकलेल्या अर्ध्या वर्गाचे चेहरे तिथल्या तिथे उजळले.

मागच्या बाकावर लातूरकडची एक नर्स बसते. इंग्रजीतून समजावणं चालू असलं की वहीत मान घालून सगळं उतरवून घेते, बोलत मात्र नाही. आज तिने हात वर केला. "मॅडम, मग 'मला सुचतं' हेपण असंच होणार का?" होतं की! 'मिअर फेल्ट एत्वास आइन.' हा धडा या सत्रात यायचाच नव्हता, ती स्वतःहून तिथे पोचली. लगेच केरळचा एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडेही 'मला'ला 'एनिक्कु', सेम." मराठी आणली तर इतर भाषांची मुलं बाहेर पडतील, ही माझी धास्ती तिथेच गेली. त्याला त्याची मल्याळम, हिंदीवाल्यांना त्यांचं 'मुझे'. सगळ्यांच्या घरी ही चतुर्थी आहे, नाही ती फक्त इंग्रजीत.

वर्गात फक्त जर्मनच बोलावं, असं आमच्यातले पुष्कळजण मानतात. संभाषणाच्या तासाला मीही तेच करते आणि करत राहीन. पण व्याकरणाची गाठ पडली की जर्मन बाजूला राहते आणि तिच्या जागी गुपचूप इंग्रजी येते, हे आपण सगळे जाणतो. तिथे मराठी का नको? जिला लिंग जवळपास नाही, जिची विभक्ती झिजून गेली, अशा भाषेतून आपण लिंग आणि विभक्ती शिकवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शब्दक्रमाचंही तसंच. 'वाइल इश म्यूडं बिन', 'कारण मी दमलेली आहे'. 'बिन' शेवटी, 'आहे' शेवटी. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं हा जर्मनचा अवघड भाग समजला जातो. आपल्या मुलांसाठी तो घरचाच आहे. त्यांना अडतं ते मुख्य वाक्यात. क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही, म्हणून 'हॉयटं' (आज) पुढे आलं की लगेच 'गेहं' (जाते) आणि मग 'इश' (मी). मुलं हमखास 'हॉयटं इश गेहं' म्हणतात. तेव्हा सराव इथे जास्त हवा, आणि आपण तो भलतीकडेच खर्च करतो.

मराठीने सगळं सुटतं असं मात्र नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, म्हणून कल्पना नवी वाटत नाही, एवढंच. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपलं टेबल 'ते', त्यांचं पुल्लिंगी. ते पाठच करावं लागतं, आणि ते मी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगते.

२०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशीला येणाऱ्यांचा चेहरामोहरा बदलला आहे. नर्स, इलेक्ट्रिशियन, मराठी माध्यमातून शिकलेली तालुक्याच्या गावची मुलं. नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर सर्वसाधारणपणे जर्मनच्या बी-टू पातळीपर्यंत जावं लागतं, तो पल्ला लांबचा आहे. या मुलांनी आधी इंग्रजीचा डोंगर चढायचा आणि मग जर्मनकडे बघायचं, हा अन्याय आहे.

पुण्याला तर हे फार जड जाऊ नये. १८६६मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा जर्मन विद्वान डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला आणि १८८१पर्यंत राहिला. पुढे त्याने पतंजलीच्या महाभाष्याची संपादित आवृत्ती पूर्ण केली. पाणिनीची परंपरा इथल्या शास्त्र्यांकडून समजून घेत त्याने काम केलं. व्याकरणाची इतकी जुनी जाण असलेल्या या शहरात 'चतुर्थी' हा शब्द जर्मनच्या वर्गात उच्चारायला संकोच कसला?

आता विशेषणांची टिपणं मराठीत करायला घेतली आहेत. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, आणि विभक्ती लागली की चांगल्या मुलाला. तिकडे गूटर, गूटं, गूटेस, आणि चतुर्थीत गूटेन. इंग्रजीतलं 'गुड' जागचं हलत नाही, त्यामुळे हा तक्ता आजवर मुलांना नुसता छळ वाटत आला. गुरुवारी तो फळ्यावर मराठीशेजारी मांडणार आहे. लातूरच्या मुलीला पुढच्या बाकावर बसायला सांगितलंय.