टाळेबंदीतले खेळते भांडवल : कुपवाडचा माझा अनुभव

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पंपांच्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करून देणारा छोटा कारखाना आहे. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा धास्तावला, तेव्हा माझ्याकडे काम भरपूर होते. चणचण होती ती रोकडीची. आदल्या वर्षीच्या महापुरापासून गिऱ्हाइकांकडून येणारे पैसे लांबलेलेच होते. पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असे लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो खरा, पण ज्याच्या ऑर्डरीवर आपली चूल पेटते त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. वसाहतीत अनेकांना ती हप्तेमाफीच वाटली होती. प्रत्यक्षात व्याज चढतच होते, म्हणून मी पहिले तीन महिनेच सवलत घेतली आणि जूनपासून हप्ते सुरू केले.

20 एप्रिलनंतर परवानगी घेऊन कारखाना सुरू करता येत होता. अट अशी की कामगारांची राहण्याची सोय आवारातच करायची, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी गाडी ठेवायची. बिहारची मुले मे महिन्यात श्रमिक रेल्वेने गावी गेली. उरलेल्यांना शेडमध्ये लांब लांब बसवून मी बँकेतली शिल्लक, येणे बाकी आणि पगाराची रक्कम फळ्यावर लिहून दाखवली. मालकाने आपली तंगी अशी उघडी करू नये असे आमच्याकडे मानतात, आणि मलाही ते जड गेले. तेवढ्यात एक जुना ऑपरेटर म्हणाला, "मालक, आत्ता निम्माच द्या, पण उरलेल्याची तारीख सांगा." मग हीच रीत मी कास्टिंगवाल्याशी आणि टूल पुरवणाऱ्याशीही ठेवली : रक्कम थोडी असली तरी चालेल, तारीख मात्र पक्की.

तारखा पाळायच्या तर पैसा हवा होता. 13 मे रोजी केंद्राने तीन लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी थकबाकी साठ दिवसांपेक्षा जुनी नसेल, तर त्या दिवशी फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या 20 टक्के रक्कम सरकारच्या पूर्ण हमीवर मिळणार होती. माझे असे कर्ज 40 लाख होते, म्हणजे हाती येणार होते आठ लाख. नवे तारण लागणार नाही हे वाचून मला वाटले, सह्या केल्या की झाले. शाखेत गेल्यावर कळले की नवे तारण नसले तरी आधीच्या गहाणावर बँकेचा दुसरा बोजा चढतो, म्हणजे त्याच मालमत्तेवर नव्या कर्जासाठीही बँकेचा हक्क नोंदवला जातो, त्यामुळे जागेच्या आणि मशिनरीच्या दस्तांची कागदपत्रे पुन्हा तयार करावी लागतात. त्यात शाखेतल्या एका अधिकाऱ्याने भावाचा जामीन मागितला. योजनेचे परिपत्रक छापून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा ती मागणी मागे पडली. पुढचे काम माझ्या सीएने उरकले. जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर भरलेली असल्याने तिथे अडले नाही.

व्याजाची कमाल मर्यादा 9.25 टक्के होती. त्या हिशेबाने पहिले वर्ष नुसते व्याज, महिन्याला सहा हजारांच्या आसपास, आणि नंतर तीन वर्षे सुमारे साडेपंचवीस हजारांचा हप्ता. मला काळजी होती ती या दुसऱ्या आकड्याची, म्हणून त्या पैशातून नवे मशीन घेण्याचा मोह मी टाळला. आधी पगाराचा राहिलेला निम्मा भाग दिला, मग कास्टिंगवाल्याचे देणे फेडले. त्याची भट्टी थंड पडली असती तर माझ्या मशीनवर चढवायला माल कुठून आला असता?

2021 मध्ये दुसरी लाट आली आणि त्याच सुमारास मुद्दलाचे हप्ते सुरू होण्याची वेळ जवळ आली. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने लहान कर्जदारांसाठी फेररचनेची, म्हणजे कर्जफेडीच्या अटी नव्याने ठरवून घेण्याची, आणखी एक संधी दिली, आणि अशी फेररचना केलेल्यांसाठी हमी कर्जाची मुदत चारवरून पाच वर्षे झाली. मी ती घेतली नाही. खात्यावर फेररचनेचा शेरा पडला की पुढचे कर्ज मागताना प्रश्न वाढतात, आणि तोवर मोठ्या गिऱ्हाइकाकडून जुनी बाकी थोडी थोडी का होईना, येऊ लागली होती.