कॅन्ससमधली विरळ होत गेलेली गावं: छत्तीस आणि चोवीस नंबरच्या रस्त्यांवरून

कॅन्सस सिटीहून पश्चिमेला जाणारे बहुतेक लोक आय-७० महामार्ग धरतात आणि डेन्व्हर येईपर्यंत कंटाळतात. हा वृत्तांत त्याच्या उत्तरेच्या रस्त्यांचा आहे. आय-२९ ने सेंट जोसेफला जायचं, तिथून यूएस ३६ पकडून बेलव्हिल, मँकेटो, लेबनन, स्मिथ सेंटर. मग दक्षिणेला उतरून यूएस २४ वर ऑस्बोर्न, कॉकर सिटी, निकोडीमस आणि शेवटी लुकसवरून विल्सनला परत आय-७०. तीन दिवस आणि दोन मुक्काम पुरतात. पहिला मुक्काम स्मिथ सेंटरला, दुसरा ऑस्बोर्न किंवा लुकसच्या आसपास.

निघण्याआधी थोडे आकडे डोक्यात असू द्या, नाहीतर दोन्ही बाजूंना नुसती बंद दुकानं दिसतील. १९०० च्या जनगणनेत ज्युएल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) १९,४२० माणसं होती, २०२० मध्ये २,९३२. शेजारच्या स्मिथ काउंटीत १६,३८४ होती, ती ३,५७० वर आली, म्हणजे चौरस मैलाला जेमतेम चार. मात्र जमीन ओस पडलेली नाही. गहू, मका, ज्वारी, सोयाबीन सगळं पिकतं आणि एकरी उतारा आजोबा-पणजोबांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहे. माणूस मात्र लागत नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसून राहायच्या अटीवर १६० एकर मिळायचे. चौरस मैलात ६४० एकर, म्हणजे मैलाला चार कुटुंबं. रेल्वेने सात ते दहा मैलांवर स्टेशनं टाकली, कारण गव्हाची घोडागाडी एलेव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, रिकामी करून दिवस मावळायच्या आत घरी यायला तेवढंच अंतर झेपायचं. स्टेशन तिथे गाव, गाव तिथे बँक, शाळा, किराणा, दोन-तीन चर्च. ट्रक आणि डांबरी रस्ते आले तेव्हाच यातल्या निम्म्या गावांचं काम संपलं होतं. कळायला पन्नास वर्षं लागली. आज राज्यात सरासरी शेत ८०० एकरांच्या घरात आहे आणि या भागात एका कुटुंबाने दोन-चार हजार एकर करणं हे काही नवल नाही. वर १९८० चं दशक आलं. जानेवारी १९८० मध्ये सोव्हिएत युनियनला धान्य विकण्यावर बंदी आली, त्याच डिसेंबरात बँकांचा प्राइम रेट, म्हणजे कर्जाचा मूळ व्याजदर, साडेएकवीस टक्क्यांवर गेला. जमीन तारण ठेवून विस्तार केलेले शेतकरी बुडाले, आणि त्यांच्यामागोमाग गावातली ट्रॅक्टरची आणि बियाण्याची दुकानं.

गावात शिरल्यावर काय बघायचं? आधी पोस्ट ऑफिसच्या दारावरची पाटी. २०१२ नंतर टपाल खात्याने छोट्या पोस्टांच्या खिडकीची वेळ दिवसाला दोन, चार किंवा सहा तास अशी करून टाकली. दोन तासांची पाटी म्हणजे गाव कुठवर आलंय ते कळलं. मग शाळा. १९६३ च्या कायद्याने राज्यातले शाळा-जिल्हे एकत्र करून तीनशेच्या आसपास आणले आणि कितीतरी गावांची हायस्कूलं गेली. शाळा गेली की शुक्रवार रात्रीचा फुटबॉल जातो, आणि त्याबरोबर गावाने एका जागी जमायचं निमित्तही. टिकलेल्या शाळांतल्या बऱ्याच ठिकाणी अकराऐवजी आठ जणांचा फुटबॉल खेळतात, कारण तेवढी मुलंच नाहीत. ऑक्टोबरात गेलात तर असा एक सामना जरूर बघा. गाव एकगठ्ठा बघायची तीच संधी.

किराणा दुकान का बंद पडतं ते समजून घेण्यासारखं आहे. फक्त गिऱ्हाईक घटलं म्हणून नाही. घाऊक व्यापारी ट्रक पाठवायला आठवड्याची किमान खरेदी मागतो. विक्री त्याखाली गेली की ट्रक बंद. मग मालक स्वतः पन्नास मैलांवरच्या मोठ्या दुकानातून किरकोळ भावाने माल आणून विकतो, साहजिकच महाग विकतो, आणि उरलेलं गिऱ्हाईकही तुटतं. त्यात जुन्या उघड्या फ्रीजांचं विजेचं बिल, आणि एखादा कंप्रेसर बसला की वर्षाचा नफा गेला. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा ग्रामीण किराणा दुकानांसाठी २००७ पासून वेगळा उपक्रम आहे. आग्नेय कॅन्ससमधल्या ईरी गावात तर नगरपालिकेनेच दुकान विकत घेतलं. बाजारावर इतकी श्रद्धा असलेल्या राज्यात सरकारी वाणी, हे बघून गंमत वाटते, पण मुद्दा दुकान चालू ठेवण्याचा.

दवाखान्याचं गणित तसंच. काउंटीच्या गावातलं छोटं रुग्णालय बहुधा 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' या १९९७ च्या योजनेवर उभं असतं: जास्तीत जास्त २५ खाटा, बदल्यात मेडिकेअरकडून (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) खर्चाच्या हिशेबाने पैसे. डॉक्टरांच्या पाटीवर भारतीय आडनाव दिसलं तर चकित होऊ नका. शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या डॉक्टरला मायदेशी परतायची अट माफ करून घ्यायची असेल तर डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. तीन वर्षं झाली की बरेच जण शहराकडे जातात, आणि गाव पुन्हा जाहिरात देतं. मोटेलच्या काउंटरवर गुजराती ऐकू येणंही इकडे नेहमीचं.

आता एलेव्हेटर. दहा मैलांवरून दिसणारे काँक्रीटचे पांढरे दंडगोल म्हणजे धान्याची कोठारं. गावातलं सगळं आकसलं, हे मात्र वाढत गेलं. गव्हाची कापणी जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते, तेव्हा ऑफिसात परवानगी विचारून बाहेर उभं राहून बघा. ट्रक आधी काट्यावर येतो. वरून एक नळी धान्यात खुपसून नमुना खेचते. ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या वर असेल तर भाव कापतात. बुशेलचं (धान्य मोजायचं इथलं माप) वजन ६० पौंड भरलं तर उत्तम. मग ट्रक पुढे जाऊन जाळीच्या खड्ड्यात माल ओततो, बादल्यांचा पट्टा तो वर चढवतो, रिकामा ट्रक परत काट्यावर येतो, पावती हातात. एका ट्रकमध्ये सुमारे ९०० बुशेल, म्हणजे साडेचोवीस टन. घोडागाडीच्या कितीतरी खेपा एका फेरीत. काटा रस्त्यातल्या साध्या फरशीसारखा दिसतो. त्यावर गाडी लावून फोटो काढत बसलात तर मागे रांग लागेल आणि शिव्या खाल. आत मात्र शिरू नका, सिगरेट तर लांबच. धान्याची धूळ पेटते. विचिटाजवळच्या हेजव्हिलला जून १९९८ मध्ये एलेव्हेटरच्या स्फोटात सात कामगार गेले.

एलेव्हेटरशेजारचे रूळही बघा. यूएस ३६ ला धरून जाणारा हा मार्ग पूर्वी रॉक आयलंड रेल्वेचा. ती कंपनी १९८० मध्ये बंद पडली. नंतर काइल रेलरोड या छोट्या कंपनीने तो चालवायला घेतला, म्हणून मँकेटो, स्मिथ सेंटर, फिलिप्सबर्ग यांना अजून मालगाडी आहे. जिथे रूळ उखडले, तिथे नुसता भराव उरलाय.

मेन स्ट्रीटवरची विटांची दुकानं पुढून फोटोजेनिक, पण खरी हकीकत मागच्या गल्लीत कळते. छपराचा उतार मागे असतो. पन्हळ तुंबली की पाणी मागच्या भिंतीत मुरतं, विटांच्या सांध्यांतला चुना धुपतो. मग कुणीतरी सिमेंटने सांधे भरतो. सिमेंट विटेपेक्षा कडक, ओल आत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचा तोंडाकडचा पापुद्रा सुटून पडतो. मधली एक इमारत पाडली की शेजाऱ्याची सामायिक भिंत उघडी पडते. तिच्यात कच्च्या भाजणीच्या विटा असतात, त्या पावसासाठी नसतातच. म्हणून एक पडली की रांगेतली पुढची काही वर्षांत लागते. पोट सुटलेल्या भिंतीखाली उभं राहू नका.

लेबनन हे ४८ सलग राज्यांचं (अलास्का आणि हवाई सोडून) भौगोलिक मध्य. गावात २०२० मध्ये १७८ माणसं. स्मारक गावाच्या वायव्येला अडीच मैलांवर. यूएस २८१ वरून के-१९१ हा जेमतेम मैलाचा राज्य महामार्ग केवळ त्या दगडासाठी काढलाय. खरा बिंदू खासगी शेतात आहे, त्यामुळे दगड थोडा बाजूला. शेजारचं इवलंसं चॅपल उघडं असतं. पंधरा मिनिटांचं काम, पण पर्यटनाने गाव तरत नाही याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणार नाही: देशाचा मध्यबिंदू असूनही लोकसंख्या घटतेच आहे.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर तिथूनच उत्तरेला अर्ध्या तासावर नेब्रास्कातलं रेड क्लाउड. वस्ती हजाराच्या आतली. पण लेखिका विला कॅथर तिथे वाढली आणि तिच्या नावाच्या प्रतिष्ठानने १८८५ चं ऑपेरा हाउस दुरुस्त केलं, जुनी घरं सांभाळली, गावाच्या दक्षिणेला ६१२ एकर गवताळ रान राखलं. हे रान जूनमध्ये बघा. इथे फरक पडला तो वर्षभर पगारावर माणसं ठेवणारी संस्था उभी राहिली म्हणून. फलक लावून काही होत नाही.

निकोडीमस चुकवू नका. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेलं गाव. १८८८ मध्ये रेल्वेने त्यांना टाळून काही मैलांवरून लाइन नेली, दुकानदार उठून नव्या बोग गावात गेले. इतर गावं आटायला शंभर वर्षं लागली, इथे एका निर्णयात झालं. आता हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. उघडण्याचे वार नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर बघून जा. जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला देशभरातले वंशज जमतात, तेव्हा गाव भरलेलं असतं.

कॉकर सिटीतला सुतळीचा गोळा १९५३ मध्ये फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने गोळा करायला घेतला. येणारेही त्यात सुतळी गुंडाळतात. लुकसला डिन्समूरचं १९०७ मध्ये सुरू झालेलं काँक्रीटच्या पुतळ्यांचं घर आहे. वाटेत कुंपणाचे खांब दगडी दिसतील: झाडं नव्हती, म्हणून जमिनीखालचा मऊ चुनखडक फोडून खांब केले.

बाकी व्यवहाराचं. टाकी अर्ध्यावर आली की भरा. को-ऑपच्या (शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या) पंपावर माणूस नसतो. कार्ड टाकलं की पाच आकडी झिप कोड मागतो आणि भारतीय कार्ड तिथेच अडकतं. भारतातून आलेल्यांनी माणूस असलेल्या पंपावर आत जाऊन आधी पैसे द्यावेत. लाल रंगाचं डिझेल शेतीच्या यंत्रांसाठी, करमुक्त. रस्त्यावरच्या गाडीत भरणं गुन्हा आहे. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा.

जेवण वेळेत. कॅफेचं दुपारचं जेवण अकरा ते दीड, रविवारी बरंच काही बंद. शाकाहारी लोकांनी फरसबीची भाजीही विचारून घ्यावी, तिच्यात बेकन असतं. ग्रिल्ड चीज, अंडी, गोड पाई आणि पेट्रोल पंपावरचा पिझ्झा यावर निभतं. दशम्या-चटणी बरोबर असेल तर उत्तमच. सकाळी सहा ते नऊ पंपावर किंवा कॅफेत म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा अड्डा असतो. तिथे "गाव का मरतंय" असं विचारू नका. यंदा गव्हाचा उतारा काय पडला, पाऊस किती झाला, एवढं विचारा. बाकीचं आपोआप निघतं.

कच्च्या रस्त्यांवर ताशी ३५ मैलांच्या वर जाऊ नका, सुट्या खडीवर मागचं चाक सरकतं. 'मिनिमम मेंटेनन्स' पाटी असलेल्या रस्त्यात पावसानंतर शिरलात तर चिखल चाकाच्या कमानीत भरून गाडी तिथेच बसते, आणि टो गाडी दोन तासांनी येते. समोरून कंबाइन (कापणी-मळणीचं अवाढव्य यंत्र) आलं तर आधीच बाजू द्या. पडकं घर बेवारस नसतं. परवानगीशिवाय आत जाऊ नका. आवारातल्या गवतात जुन्या विहिरी आणि हौद कुजक्या फळ्यांखाली लपलेले असतात. कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग म्हणजे लेखी परवानगीशिवाय शिकार नाही.

मोटेल कापणीच्या दिवसांत फिरत्या कंबाइनवाल्यांनी आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून फेजंट पक्ष्याच्या शिकाऱ्यांनी भरतात. तेव्हा महिनाभर आधी फोन करा. नोव्हेंबरात संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधाराआधी मुक्कामी पोचा. माणसं भेटायला सगळ्यात चांगला दिवस मे महिन्यातला शेवटचा सोमवार, मेमोरियल डे. गाव सोडून गेलेले त्या दिवशी दफनभूमीत फुलं घेऊन येतात.

परतताना लुकसहून के-२३२ ने विल्सन, १८ मैल, तलावाच्या कडेने. विल्सनहून आय-७०. टोपीका ते कॅन्सस सिटी हा तुकडा टोलचा आहे, जुलै २०२४ पासून रोख घेत नाहीत, नंबर प्लेटचा फोटो निघतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनी टोलवर स्वतःचं शुल्क लावते. ते नको असेल तर टोपीकाहून यूएस २४ धरा, थोडा वेळ जास्त लागेल.