छोमरोंगमधली घासाघीस

नेपाळमधल्या छोमरोंग गावात पोचलो तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर दगडी पायऱ्यांना अंत नाही हे ऐकून होतो, पण ऐकणं वेगळं आणि चढणं वेगळं. लॉजच्या दिदींनी मेनूकार्ड पुढे केलं. हंगाम सरत आलेला, खोल्या रिकाम्या. म्हटलं, थोडं कमी करा की. त्या हसल्या आणि कार्डावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "दर समितीचा आहे, दाई (म्हणजे दादा). शेजारी विचारून या." विचारून आलो. (हो, खरंच गेलो.) तिथेही तोच दर.

आधी वाटलं, यांनी एकी करून आपल्याला कापायचं ठरवलंय. रात्री जेवताना दिदींनी जुनी हकिगत सांगितली. पूर्वी गिऱ्हाईक ओढण्यासाठी जो तो भाव पाडायचा. मग परवडायचं कसं? जंगलातलं लाकूड फुकट होतं ना! पाहुण्याची स्वस्त गरम आंघोळ म्हणजे डोंगरावरचं गुरांसचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) एक झाड कमी. मी ज्याला स्वस्त म्हणत होतो, त्याचं बिल कोण भरत होतं ते तेव्हा कळलं.

१९८६ साली इथे अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रकल्प सुरू झाला, तोही आधी एकट्या घांद्रुक परिसरात. संरक्षित क्षेत्र म्हटलं की माणसं बाहेर काढायची, ही आपल्या डोक्यात बसलेली रीत. इथे क्षेत्र आज ७,६२९ चौरस किलोमीटर आहे, आणि गावं, शेतं, गुरं सगळी आतच. गावांच्या संरक्षण समित्या, लॉजवाल्यांच्या समित्या, बायकांचे 'आमा समूह' अशी कामाची वाटणी आहे. छोमरोंगच्या वर लाकूड जाळायचं नाही, रॉकेल किंवा गॅस वापरायचा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही वर न्यायच्या नाहीत. आपली बाटली न्या, उकळलेलं पाणी विकत घ्या. प्रवेश परवान्याचे १००० नेपाळी रुपये भरताना मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या (सार्कबाहेरच्या परदेशींना ३०००). त्या पैशातून संरक्षणाची आणि गावाची कामं होतात, हे पाट्या वाचत वर जाताना हळूहळू उमगलं.

पण सगळं गोडगोड नाही. आमच्या पुढे एक पोरगा कपाळाला नाम्लो (ओझं वाहायचा पट्टा) लावून सिलिंडर वाहत होता. त्याचं गाव वाटेपासून दूर, पलीकडच्या दरीत. तिथे ट्रेकर फिरकत नाही, म्हणून लॉज नाही, आणि लॉज नाही म्हणून दर ठरवणाऱ्या समितीत त्याच्या घरचं कोणी नाही. पर्यटनाचा पैसा पाण्यासारखा असतो म्हणतात. मला तर तो पायवाटेसारखा वाटला. वाटेला लागून ज्याची जमीन, त्याचं घर आधी उभं राहतं. नियोजन करणाऱ्याने नकाशावर आधी त्या पोराचं गाव शोधावं, असं माझं आपलं मत.

बेस कॅम्पचं वर्णन करत नाही. ४,१३० मीटरवर पहाटे उभं राहून ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा बघताना मी काही शहाणं बोललो नाही, नाक पुसत होतो.

उतरताना घांद्रुकला थांबलो. पाटीच्या दगडांची छपरं, फरसबंद गल्ल्या, वर माछापुच्छ्रे. त्या शिखरावर चढायला मनाई आहे. आता इथवर जीपरस्ता आलाय. आजारी माणसाला खाली न्यायला, पोतंभर तांदूळ वर आणायला तो हवाच होता, पायऱ्या चढलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही. चहा देणाऱ्या आजी मात्र म्हणाल्या, "पूर्वी पाहुणे दमून यायचे, राहायचे. आता सकाळी येतात, फोटो काढतात, जेवायच्या आत खाली."

मी मान डोलावली. चहा संपवला. आणि जीप किती वाजता सुटते ते त्यांनाच विचारलं.