दिमाळ आणि ळिमाद

आज मुलांच्या उच्चारचाचणीसाठी निरर्थक शब्दांची यादी केली. मुलाने शब्द ऐकून लगेच तसाच म्हणायचा; ऐकलेले ध्वनी किती लक्षात राहतात, ते यातून पाहायचं. 'दिमाळ' आणि 'ळिमाद' यांत ध्वनी तेच, फक्त क्रम वेगळा. पण मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाहीत, म्हणून दुसरा शब्द मोठ्यांनाही अडवतो. मोठे बहुधा बरोबर म्हणतात, पण थोडे उशिरा सुरू करतात. लहान मुलं सरळ 'लिमाद' करून टाकतात; शब्दसंग्रह वाढतो तशी ही अडचण कमी होते.

यादीत ओळखीच्या ('दिमाळ'सारख्या) आणि अनोळखी ('ळिमाद'सारख्या) रचना समसमान हव्यात, २ ते ४ अक्षरांच्या. शब्द एकदाच ऐकवायचा. आधी 'बाळ', 'फळा' म्हणवून घ्या. तिथेच 'ल' आला तर प्रश्न उच्चाराचा आहे; त्याचं खापर मुलाच्या स्मरणशक्तीवर फोडणं फार अन्यायाचं.